उसनी शीळ

लग्नात मी म्हणतो, "नवरदेव, जरा इकडे. ताई, हनुवटी वर,"
आणि माणसं ऐकतात.
साकोली ते अर्जुनी, चौदा वर्षं,
हळदी, वराती, रुसलेल्या आत्या,
एकही चेहरा हातून सुटला नाही.

शामा ऐकत नाही.

प्रतापगडच्या खालच्या नाल्यात, बांबूच्या गचपणात
तो अंधारातच सुरू होतो.
आधी कोतवालाची नक्कल, मग बुलबुलाची,
मग एक लांब, वळणावळणाची तान
जी कुणाचीच नाही,
म्हणून त्याची.

मी चहाच्या चोथ्यात रंगवलेल्या मच्छरदाणीत.
गुडघ्यावर गोचीड.
लेन्स जुनी, भंडाऱ्याच्या एका वारलेल्या फोटोग्राफरच्या बायकोनं दिलेली,
पैसे मोजून घेऊन आणि मग दारापर्यंत पोचवायला येऊन.
काचेच्या आत बुरशीचा एक ठिपका आहे.
तो पुसता येत नाही.

पहिल्या दिवशी पानंच आली.
मग एकदा शेपटी, अर्धी, धूसर,
कुणी दार लावून आत जावं
आणि पदर बाहेर राहावा तशी.
नंतर नुसती हलणारी फांदी.
हलणाऱ्या फांदीचे माझ्याकडे एकशे सदतीस फोटो आहेत.

पलीकडे जैतुराबाई मोह वेचत होती.
टप्. थांबून, टप्.
मान वर न करता तिनं विचारलं,
"दिसला का गा?"
"नाही."
"कानाले तं दिसला ना."

चौथ्या दिवशी बॅटरीची एकच काडी उरली होती,
संध्याकाळी सौंदडला लग्न.
मी मोबाइल काढला.
त्यात कुठल्यातरी दुसऱ्या जंगलातल्या शामाची शीळ होती,
चाळीस सेकंद, कुणीतरी पाठवलेली.
पडक्या ओंडक्याखाली ठेवला, दाबलं.

आला.

इतका लगेच, की माझा श्वास घ्यायचा राहिला.
उघड्या फांदीवर, सहा हातांवर, कोवळ्या उजेडात.
पोट भाजल्या विटेचं, शेपटी ताठ, चोच उघडी.
मी बोट दाबून धरलं.
फोटो मोठा केला की त्याच्या डोळ्यात नाला दिसतो,
नाल्यात मच्छरदाणी,
आणि मच्छरदाणीत एक काळा ठिपका,
तो मी.

मोबाइल गप्प झाला.
तो झाला नाही.
या फांदीवरून त्या, ओंडक्याखाली, दगडाआड,
आपल्याच घरात चोर हुडकावा तसा.
ऊन चढलं, तरी.

जैतुराबाई टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली.
"कोनाले बलावलास गा?"
"कोणालाच नाही."
"मंग सांग ना त्याले तसं.
थो दिसभर ढुंडल आता."

सांगू कसं? शीळ तर मला वाजवतासुद्धा येत नाही.

सौंदडला स्टेजवर मी म्हटलं, "ताई, इकडे."
ती हसली, सांगितली तेवढी.
डोळे मात्र मांडवात,
खुर्च्यांवरून जनरेटरपर्यंत, तिथून फाटकापर्यंत
कुणालातरी शोधत गेले आणि रिकामे परत आले.
माझं बोट तसंच राहिलं.
"काहून थांबले, भाऊ?" मागून कुणी ओरडलं,
तेव्हा दाबलं.

खोटं कशाला बोलू, शामाचा फोटो मी फ्रेम केला.
स्टुडिओत काउंटरच्या मागे आहे.
गिऱ्हाईक म्हणतं, काय पोझ दिली राजा!
मी पासपोर्टचे आठ फोटो कापत राहतो.

यंदा चैत्रात मोबाइल घरीच ठेवला.
मच्छरदाणीला दोन भोकं पडलीत.
जैतुराबाई होती, मोह कमी होता,
तिनं काही विचारलं नाही.
तान आली, अगदी जवळून,
इतकी, की पुढची जागा मला ठाऊक असल्यासारखं वाटलं
आणि नेमकी तिथं तो वेगळीकडेच वळला.

फांदी हलली.

एकशे अडतीस.